अवघड जागेचे दुखणे

कोल्हापुरात कोणाच्याही दारात उभे राहिले, की घरातून पहिला शब्द येतो तो ‘बसा’. पाणी नंतर, चहा त्याही नंतर, आधी बसायचे. जो बसत नाही तो घाईत आहे किंवा रागात आहे, असा अर्थ आपोआप घेतला जातो. डिसेंबर २०१९पासून पुढची दोन वर्षे मी या शहरातल्या प्रत्येक घरात उभी राहिले. नणंदेच्या घरी साखरपुडा होता, सगळ्या बायका खाली सतरंजीवर बसल्या होत्या आणि मी भिंतीला टेकून उभी होते, तेव्हा नणंदेच्या सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, “बस की गं खाली. आमची सतरंजी काय चावती व्हय?” मी काहीतरी पुटपुटून स्वयंपाकघरात गेले आणि पाने वाढायला घेतली, कारण कामात असलेल्या बाईला कोणी बसायला सांगत नाही.

मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत खुर्ची, समोर संगणक, आणि संध्याकाळी पिग्मी एजंट आले की रोजकीर्द जुळेपर्यंत उठण्याची सोय नसते. घर कळंब्याकडे आणि कार्यालय शाहूपुरीत, म्हणजे जाता-येता दुचाकी. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझ्या शरीराने याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. त्या डिसेंबरात एका संध्याकाळी बसल्या जागी डाव्या बाजूला, आत, काहीतरी चुरचुरले. मला वाटले, लघवीचा त्रास असेल. आठ दिवसांत त्या चुरचुरण्याची आग झाली, आणि महिनाभरात अशी अवस्था आली, की खुर्चीवर टेकल्यापासून दहाव्या मिनिटाला निखाऱ्यावर बसल्यासारखे वाटू लागे आणि त्याच वेळी गुदद्वाराजवळ एखादी गोटी अडकून राहावी तसा दाब जाणवे. उभे राहिले की पाच-दहा मिनिटांत आग ओसरायची. आडवे पडले की जवळजवळ थांबायची.

हे एवढे स्पष्ट वर्णन मी आज करते आहे. त्या वेळी मला ते करता आले नाही, आणि मला सांगायचे आहे ते मुख्यतः याबद्दलच.

दुखण्यासाठी मराठीत शब्दांची केवढी श्रीमंती आहे! कळ, ठणका, चमक, सल, टोचणी, आग, रग, मुंग्या, बधिरपणा. प्रत्येक शब्दाची वेदना निराळी आहे आणि ती ऐकणाऱ्याला लगेच कळते. पण दुखणारी जागा मांड्यांच्या मधली असली, की हीच भाषा एकदम मुकी होते. आपण ‘खाली’ म्हणतो, ‘तिथे’ म्हणतो, ‘बसायच्या जागी’ म्हणतो, ‘लघवीच्या जागी’ म्हणतो. ‘योनी’ हा शब्द पुस्तकातला वाटतो आणि बोलीतले शब्द शिव्यांनी वापरून संपवलेले आहेत. मी पहिल्या डॉक्टरांना सांगितले, “खाली आग होते.” त्यांनी लघवीची तपासणी लिहून दिली. दुसऱ्या डॉक्टरांना सांगितले, “बसायच्या जागी दुखते.” त्यांनी मूळव्याध आहे का ते पाहिले. दोघांचेही चुकले असे मी म्हणणार नाही. मी सांगितलेल्या शब्दांना दोघांनी योग्यच उत्तर दिले. ‘अवघड जागेचे दुखणे’ ही म्हण आपण सहज वापरतो, आणि तिच्यातली अडचण जागेची नसून सांगण्याची आहे, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळले.

लघवीच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत, तरी प्रतिजैविकांचे कोर्स चार झाले. पहिला समजण्यासारखा होता. पण कल्चर तपासणी दोनदा स्वच्छ आल्यानंतरचा तिसरा आणि चौथा कोर्स का दिला गेला, हे मी विचारायला हवे होते, आणि विचारले नाही. मधल्या काळात टाळेबंदी आली, कार्यालय काही आठवडे बंद राहिले, मी घरात जास्त वेळ उभी किंवा आडवी असे, आणि दुखणे निम्म्याने उतरले. मला वाटले, औषध लागू पडले. कार्यालय सुरू झाले, खुर्ची सुरू झाली आणि आग परत आली. हा धागा तेव्हा माझ्या हातात होता; पण तो पकडावा एवढे मला सुचले नाही, आणि मी टाळेबंदीत काय करत होते हे मला कोणी विचारलेही नाही.

सर्वांत जास्त मनाला लागलेली गोष्ट २०२१च्या सुरुवातीची आहे. एका रुग्णालयात सोनोग्राफीमध्ये गर्भाशयात लहानशी गाठ दिसली. अशा गाठी अनेक बायकांना असतात आणि त्यांतल्या कित्येकींना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. तरीही मला सांगण्यात आले, “मुलं झालेली आहेत, पिशवी काढून टाकू, कटकट मिटेल.” बसल्यावर वाढणाऱ्या आणि आडवे झाल्यावर थांबणाऱ्या आगीचा त्या गाठीशी काय संबंध, हे कोणी सांगितले नाही. माझ्या यजमानांनी त्या दिवशी जे केले त्याबद्दल मी त्यांची कायम ऋणी राहीन. तारीख ठरवायला पुढे केलेली वही त्यांनी शांतपणे मिटली आणि म्हणाले, “दुखणं नेमकं कशाचं हे कळल्याशिवाय आम्ही काही काढून घेणार नाही.” ज्या महाराष्ट्रात बीडच्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९मध्ये सरकारला समिती नेमावी लागली, त्या महाराष्ट्रात हे वाक्य प्रत्येक घरात म्हटले गेले पाहिजे.

त्या वर्षी माझ्याकडून एक चूकही झाली. मोबाईलवर व्हिडिओ बघून मी केगल व्यायाम सुरू केले. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळून धरायचे आणि सोडायचे, असा तो व्यायाम. आर्नोल्ड केगल या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञाने तो १९४८मध्ये बाळंतपणानंतर लघवीवरचा ताबा सुटलेल्या बायकांसाठी मांडला. ज्यांचे हे स्नायू सैल पडले आहेत त्यांना त्याचा उपयोग होतो. माझे स्नायू दुखण्याच्या भीतीने आधीच दिवसरात्र आवळलेले होते, हे मला माहीत नव्हते. तीन आठवडे मी नेमाने रोज तीन वेळा व्यायाम केला, आणि त्या तीन आठवड्यांनंतर मला पाच मिनिटेही बसता येईना.

दुचाकी सोडली आणि मी केएमटीच्या बसने जाऊ लागले. बसमध्ये कॉलेजच्या मुली उठून मला जागा देत, “काकू, बसा,” म्हणत, आणि मी नको म्हटल्यावर ओशाळून पुन्हा बसत. त्यांच्या चांगुलपणाला रोज नाही म्हणणे मला फार जड जायचे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाच्या रांगेत मी साडेतीन तास उभी होते. पुढच्या-मागच्या बायका पाय दुखतात म्हणून कठड्याला टेकत होत्या, आणि मला मात्र कित्येक दिवसांत इतके बरे वाटले नव्हते.

आणखी दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या होत्या, पण त्या इतक्या विचित्र वाटायच्या की मी त्या कोणाला सांगितल्या नाहीत. एक म्हणजे, कितीही आग असली तरी रात्री दुखण्याने मला कधी जाग आली नाही. सकाळी उठल्यावर पहिला तासभर मी अगदी पूर्वीची असे, आणि दिवस चढेल तसे दुखणे चढत जाई. दुसरी अशी, की कोणत्याही खुर्चीवर, सोफ्यावर, गादीवर मला बसता येत नव्हते, पण कमोडच्या सीटवर बसता येत होते. तिथे दुखत नसे. कधीकधी घरात पाहुणे असले आणि उभे राहून थकवा आला, की मी आत जाऊन, दाराला कडी लावून तिथे नुसती बसून राहत असे. सासूबाईंना वाटे, माझे पोट बिघडले आहे.

आता पुण्याबद्दल. एका ओळखीच्या भूलतज्ज्ञांनी सुचवले, की दीर्घकाळच्या वेदनांवर उपचार करणारे वेगळे डॉक्टर असतात आणि पुण्यात तशा डॉक्टरांना दाखवावे. जुलै २०२१मधली वेळ मिळाली होती. नेमका त्याच आठवड्यात पंचगंगेला महापूर आला, शिरोलीजवळ राष्ट्रीय महामार्गावर पाणी चढले आणि पुण्याचा रस्ता बंद झाला. तपासणी राहिली, मग सणवार, मग माझाच निरुत्साह, असे करत जानेवारी २०२२ उजाडला. बसून प्रवास शक्य नव्हता, म्हणून महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या बर्थवर आडवी पडून मी पुण्याला गेले.

त्या डॉक्टरांनी पहिला अर्धा तास माझे कागद उघडलेच नाहीत. मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. त्यांनी एकदाही ‘बसा’ म्हटले नाही. ते स्वतः उभे राहिले आणि उभ्यानेच प्रश्न विचारू लागले. बसल्यावर किती मिनिटांनी सुरू होते? उभे राहिल्यावर किती मिनिटांनी उतरते? एका बाजूला की दोन्ही? रात्री दुखण्याने जाग येते का? शौचाच्या वेळी किंवा नंतर वाढते का? आत काही अडकल्यासारखे वाटते का? त्या भागाला स्पर्श कळतो का, की बधिर झाला आहे? आणि मग त्यांनी विचारले, “कमोडच्या सीटवर बसल्यावर काय होतं?”

माझ्या डोळ्यांतून पाणी आले. दोन वर्षे जी गोष्ट मी वेडेपणा समजून लपवली होती, ती या माणसाच्या प्रश्नांच्या यादीत होती.

त्यांनी आजाराचे नाव सांगितले, प्युडेंडल न्यूराल्जिया, म्हणजे प्युडेंडल नावाच्या मज्जातंतूची वेदना. फ्रान्समधल्या नांत या शहरात तज्ज्ञांच्या गटाने २००६मध्ये या आजाराच्या निदानासाठी काही निकष ठरवले आणि ते २००८मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य निकष पाच आहेत. वेदना त्या विशिष्ट मज्जातंतूच्या क्षेत्रातच असावी; ती बसल्यावर वाढावी; तिच्यामुळे रात्री झोपमोड होऊ नये; तपासणीत त्या भागाची संवेदना हरपलेली आढळू नये; आणि त्या मज्जातंतूला भूल दिल्यावर वेदना थांबावी. कमोडच्या सीटवर बरे वाटणे हे त्यांनी बसण्याच्या संदर्भात नोंदलेले लक्षण आहे, कारण त्या सीटवर भार दोन्ही बाजूंच्या हाडांवर जातो आणि मधला भाग अधांतरी राहतो. या पाचांपैकी तीन निकष केवळ विचारून कळतात. साधा एमआरआय बहुतेक वेळा स्वच्छच येतो, आणि तो काढतात तो गाठ, गळू किंवा मणक्याचा दोष नाही ना हे पाहण्यासाठी. म्हणजे हा आजार यंत्रात दिसत नाही. तो विचारावा लागतो आणि सांगावा लागतो. तो सांगणाऱ्याच्या तोंडी ‘तिथे’ एवढाच शब्द असला तर तो सापडणार कसा?

त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवले. पाठीच्या कण्याच्या शेवटी जे त्रिकास्थी असते, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाच्या मुळांपासून हा प्युडेंडल मज्जातंतू निघतो, प्रत्येक बाजूला एक. तो कुल्ह्याच्या आत एका काट्यासारख्या हाडाला वळसा घालून दोन बळकट अस्थिबंधांच्या मधून जातो आणि पुढे स्नायूच्या आवरणात तयार झालेल्या एका अरुंद नळीतून सरकतो. बेंजामिन अल्कॉक या आयरिश शरीररचनातज्ज्ञाने १८३६मध्ये तिचे वर्णन केले म्हणून तिला अल्कॉकची नळी म्हणतात. तिच्या आसपास त्याच्या शाखा फुटतात. एक गुदद्वाराकडे जाते, एक मधल्या भागाकडे, आणि एक स्त्रियांत शिश्निकेकडे (क्लिटोरिसकडे) व पुरुषांत शिश्नाकडे जाते. शौच आणि लघवी रोखून धरण्याचे कामही याच मज्जातंतूकडे आहे. अस्थिबंधांच्या चिमटीत किंवा त्या नळीत तो दाबला गेला, घासला गेला किंवा ताणला गेला, की बसणे हेच दुखण्याचे कारण होऊन बसते. सायकलस्वारांमध्ये हे पूर्वीच लक्षात आले होते. अमारेंको या फ्रेंच डॉक्टरांनी १९८७मध्ये त्यावर लिहिले. कष्टाचे बाळंतपण, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, पडणे, त्या भागातली शस्त्रक्रिया, आणि तासन्‌तास बसणे अशी कारणे सांगितली जातात. माझ्या बाबतीत खुर्ची, दुचाकीची सीट आणि जुनी बद्धकोष्ठता यांची बेरीज झाली असावी, असे डॉक्टरांचे मत पडले.

त्यांनी एक गोष्ट जाता जाता सांगितली, ती मी घरी आल्यावर वहीत लिहून ठेवली. प्युडेंडल हा शब्द ज्या लॅटिन धातूपासून आला आहे, त्याचा अर्थ ‘लाज वाटणे’. म्हणजे ज्यांनी या मज्जातंतूला नाव दिले त्यांनाही ही जागा लाजेचीच वाटली. मला हे ऐकून विलक्षण धीर आला. लाज ही काही फक्त माझ्या घरची, माझ्या गावची गोष्ट नव्हती.

पुढच्या महिन्यात मज्जातंतूला भूल देण्याचे, म्हणजे नर्व्ह ब्लॉकचे इंजेक्शन झाले. पालथे झोपवून, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, डाव्या कुल्ह्यातून सुई त्या काट्यासारख्या हाडाजवळ नेली आणि बुपिव्हाकेन हे भुलीचे औषध व स्टेरॉइड तिथे सोडले. सुई जागेवर पोहोचली तेव्हा माझी रोजची ओळखीची कळ क्षणभर अंगभर उठली आणि डॉक्टर म्हणाले, “हीच का ती?” मी म्हटले, “हीच.” वीस-पंचवीस मिनिटांनी त्यांनी मला एक साधी लाकडी खुर्ची दिली, हातात कागद दिला आणि सांगितले, की बसून राहा आणि दर पंधरा मिनिटांनी शून्य ते दहामध्ये आकडा लिहा. मी बसले. पहिल्या चौकटीत शून्य लिहिले. दुसऱ्या चौकटीत शून्य लिहिले. समोर भिंतीवरचे घड्याळ होते आणि बाहेर रिक्षांचे आवाज येत होते; मी खुर्चीचे दोन्ही हात धरून एखाद्या परीक्षार्थीसारखी ताठ बसले होते, कारण जरा हलले तर हे संपेल अशी भीती वाटत होती. यजमान शेजारी उभेच होते. दोन वर्षे माझ्यासोबत उभे राहण्याची त्यांनाही सवय लागली होती. मी त्यांना म्हटले, “अहो, बसा ना.”

संध्याकाळपर्यंत भुलीचा अंमल संपला आणि आग परत आली. ती येणारच होती. भुलीने वेदना थांबली म्हणजे ती याच मज्जातंतूच्या वाटेने येते, एवढे सिद्ध होते. तो नेमका कुठे आणि कशाने दाबला गेला आहे, हे त्यावरून सांगता येत नाही. स्टेरॉइडचा गुण चौथ्या दिवसापासून जाणवू लागला आणि पाच आठवडे दुखणे निम्म्यावर राहिले. त्या पाच आठवड्यांचा उपयोग खरे काम सुरू करण्यासाठी करायचा होता, आणि ते काम म्हणजे फिजिओथेरपी.

याबद्दल मी जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्याकडे फिजिओथेरपी म्हटले की गुडघा आणि कंबर एवढेच डोळ्यांसमोर येते. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट वेगळ्या असतात. मला ज्या भेटल्या त्या माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या आणि मला ‘ताई’ म्हणत. त्यांनी आधी हाडांच्या सांगाड्याचा कमरेचा भाग हातात दिला, त्यावर बोट ठेवून कुठला स्नायू कुठे आहे हे दाखवले आणि मग विचारले, “आतून तपासायचं आहे. एक बोट, हातमोजा घालून. तुम्ही थांबा म्हणालात की मी थांबेन. चालेल?” इतक्या तपासण्या झाल्या होत्या, पण परवानगी मागण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यांचे बोट डाव्या बाजूच्या एका स्नायूवर टेकले आणि मी दचकले. उजव्या बाजूला तेवढाच दाब दिला तर काहीच वाटले नाही. त्या म्हणाल्या, की ही डावी बाजू आवळलेल्या मुठीसारखी झाली आहे, आणि ही मूठ उघडायला शिकणे एवढाच आपला व्यायाम आहे.

ती मूठ उघडायची श्वासाने. उताणे झोपायचे, पाय उशीवर, एक हात पोटावर. श्वास घेताना पोट फुगते, छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा खाली सरकतो आणि त्याबरोबर ओटीपोटाचा तळही खाली, सैल, उमलल्यासारखा सरकतो. तो सरकू द्यायचा. हे वाचायला सोपे वाटते, पण मला ते पहिल्यांदा जाणवायला अकरा दिवस लागले. तोपर्यंत मी दिवसभर, भाजी चिरताना, बस पकडताना, फोनवर बोलतानासुद्धा आतून आवळलेलीच असते, याचा मला पत्ता नव्हता. त्यानंतर नितंबांचे आणि मांड्यांचे हलके ताण, जमेल तेवढे चालणे, आणि शौचाला बसताना पायाखाली छोटा पाट, म्हणजे कुंथावे लागत नाही. कुंथल्याने मज्जातंतू ताणला जातो, म्हणून इसबगोल आणि पाणी हेही उपचारच आहेत. संध्याकाळी रंकाळ्याला एक फेरी मी तेव्हापासून चुकवलेली नाही.

औषधांबद्दल थोडक्यात. प्रीगॅबालिनने मला गरगरत असे आणि एका संध्याकाळी रोख जुळताना मी तीन वेळा तीच चूक केली, तेव्हा डॉक्टरांनी ते हळूहळू बंद केले. अमिट्रिप्टिलीन रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू केले आणि २५वर स्थिरावले. त्याने तोंड कोरडे पडते आणि बद्धकोष्ठताही होते, म्हणून वरचे इसबगोल. औषधाच्या दुकानातल्या मुलाने एकदा आपणहून सांगितले, की ही डिप्रेशनची गोळी आहे. ती तशी आहेच. पण मज्जातंतूच्या वेदनेवर ती याहून बरीच कमी मात्रेत, वेगळ्या कामासाठी दिली जाते. घरात कुजबुज होण्याआधी हे स्पष्टपणे सांगून टाकलेले बरे.

वेदना इतकी वर्षे राहिली की मज्जासंस्था स्वतःच हळवी होते, हे मला डॉक्टरांनी समजावले. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंबही चरचरतो, तसे होते. कपड्याची शिवणसुद्धा टोचू लागते. त्यावर पूर्वी मला राग येई, कारण ‘हे तुमच्या मनाचे आहे’ असे दोन ठिकाणी ऐकून झाले होते. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२०मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली. शरीराला प्रत्यक्ष इजा दाखवता आली नाही तरी वेदना खरी असू शकते, आणि माणूस आपल्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान राखला पाहिजे, हे तिच्यात आणि तिच्या टिपणांत आहे. मनाचा भाग आहे. पण म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

मग कार्यालय. उभे राहून काम करू द्यावे, असा अर्ज व्यवस्थापकांना द्यायचा होता. मी तो तीन वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात ‘प्रकृती अस्वास्थ्यामुळे’ लिहिले आणि ते वाचून मलाच कळेना की यांना काय कळणार. दुसऱ्यात आजाराचे नाव इतके मोठे झाले, की तो दाखला वाटू लागला. तिसरा मसुदा असा होता: “माझ्या ओटीपोटातील एका मज्जातंतूवर बसल्याने दाब येतो व असह्य वेदना होतात. उभे राहून मी पूर्ण वेळ काम करू शकते. कृपया काउंटरवर संगणक एक फूट उंच ठेवण्यास परवानगी मिळावी.” साहेबांनी वाचले, चष्मा काढला आणि म्हणाले, “हे आधी का नाही सांगितलंत?” सुताराने प्लायवुडची पेटी करून दिली. तिच्यावर आता संगणक आहे आणि माझ्या शेजारच्या काउंटरवरची मुलगीही दुपारनंतर उभी राहून काम करते.

उशी लक्ष्मीपुरीतल्या गादीवाल्याकडून करून घेतली. तयार मिळतात त्या मधे भोक असलेल्या गोल उश्या मूळव्याधीसाठी असतात. त्यांच्यावर बसले की मधला भाग उलट ताणला जातो आणि मला त्याने वाढायचे. मी गादीवाल्याला कागद कापून नमुना दिला: ४० डेन्सिटीचा कडक फोम, तीन इंच जाड, आणि मधोमध पुढच्या कडेपर्यंत उघडी राहणारी, घोड्याच्या नालासारखी खाच. भार दोन्ही बाजूंच्या हाडांवर आणि मधे मोकळे. त्याने विचारले, “ताई, हे कशाला?” मी म्हटले, “बसल्यावर खालच्या नसेवर दाब येतो, तो येऊ नये म्हणून.” तो म्हणाला, “मग खाच अजून बोटभर रुंद करतो.” त्याचेच बरोबर होते.

सासूबाईंना मी सर्वांत शेवटी सांगितले, आणि ते चुकले. त्या ऐंशीच्या घरात आहेत. मी शब्द न चोरता सांगितले, चित्रही काढले. त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “माझ्या आईलाबी असंच हुतं. जात्यावर बसायची न्हाई ती. लोक म्हणायची, आळशी हाय.” मग थोड्या वेळाने, “आता कुनी तुला बस म्हटलं की मी सांगतो त्येला.” आणि त्या खरोखरच सांगतात, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना, घरच्या देवीची पूजा सांगायला आलेल्या गुरुजींनासुद्धा.

ज्यांना यात आपले दुखणे दिसेल त्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगते. मांड्यांच्या मधला भाग अचानक बधिर झाला, लघवी अडली किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला, पायांतली ताकद गेली, तर हा माझा आजार नव्हे. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात जावे, कारण ते मणक्यातल्या मज्जातंतूंवरच्या दाबाचे लक्षण असू शकते. आणि दुखणे रात्री झोपेतून उठवत असेल, तर इतर कारणे आधी नीट शोधून घ्यावीत. पुरुषांनाही हा आजार होतो. त्यांना बहुधा प्रोस्टेटची सूज म्हणून प्रतिजैविके मिळत राहतात, आणि त्यांची सांगण्याची अडचण आम्हा बायकांपेक्षा कमी नसते.

माझी शस्त्रक्रिया झालेली नाही. अस्थिबंध सोडवून मज्जातंतू मोकळा करण्याची शस्त्रक्रिया आहे. नांतच्याच डॉक्टरांनी ३२ रुग्णांवर केलेला तिचा तुलनात्मक अभ्यास २००५मध्ये प्रसिद्ध झाला. गुण आलेले रुग्ण त्यात आहेत आणि न आलेलेही आहेत, आणि मज्जातंतू सावरायला महिनोन्‌महिने लागतात. माझ्या डॉक्टरांचे म्हणणे असे, की व्यायामाने चढता गुण येत असताना घाई नको. त्यांचा सल्ला मला पटला. दोन इंजेक्शने आणि साडेतीन वर्षांच्या व्यायामानंतर मी आज उशीवर चाळीस मिनिटे बसू शकते, वाईट दिवशी पंधरा. दुचाकी विकली. मार्चअखेरचे हिशेब अजूनही मला आठवडाभर मागे नेतात. मे महिन्यात भाच्याच्या लग्नात मामी म्हणून मुलाशेजारी पाटावर बसायचे होते. मी पाटावर उशी ठेवली, गुरुजींना आधीच सांगून ठेवले होते, आणि सप्तपदीपर्यंत बसले.

पुण्याची पुढची वेळ पुढच्या महिन्यात आहे. जाण्याआधी नेहमीप्रमाणे एका कागदावर लिहून नेते: किती मिनिटे बसले, कोणत्या बाजूला, काय केल्यावर वाढले, काय केल्यावर उतरले, आणि जागेचे नाव जसे आहे तसे. जुनी उशी डाव्या अंगाने दबली आहे, तिची खाचही मिटत आली आहे. शनिवारी अर्धा दिवस असतो, तेव्हा लक्ष्मीपुरीत जाऊन दुसरी करायला टाकायची आहे. नमुन्याचा कागद जपून ठेवला आहे, असे गादीवाले फोनवर म्हणाले.